भाऊजी आणि जमिनीतली लाट

एखादी गोष्ट कळली नाही की माणसं प्रश्न विचारतात. आमचे भाऊजी मान डोलावतात. जेवढं कमी कळेल तेवढी मान जोरात. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईने त्यांच्यावर प्रश्नांचा भडिमार केला, आणि ते इतक्या मनापासून डोलत राहिले की आई नंतर म्हणाली, "मुलगा फार समंजस आहे हो." मी तेव्हा शाळेत होते. मला तेव्हाच शंका आली होती, पण शाळेतल्या पोरीला कोण विचारतो?

तर असे आमचे भाऊजी, माझ्या ताईचे यजमान. मूर्ख अजिबात नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. खोकं दोन्ही हातांत धरून जरासं दाबलं की त्यात काचेचं सामान घालावं की नुसते कपडे, हे ते बिनचूक सांगत. मग मालक वारला, मालकाच्या मुलाला खोक्यांत काही राम वाटेना, आणि कारखान्याला टाळं लागलं. भाऊजींनी पन्नाशी ओलांडली होती. दोन-चार ठिकाणी नोकरीसाठी गेले, मान डोलावून परत आले. नंतर जाणंच सोडलं. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. ताई मला म्हणायची, "अगं, घरात नवरा आहे की पंखा आहे, कळत नाही. नुसता फिरतोय."

त्यात त्यांचा दात दुखायला लागला, आणि सगळं तिथून सुरू झालं.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना एका जुन्या घरात होता. तिथली जमीन लाकडी, पण इतकी काळवंडलेली आणि ओरखडलेली की ती लाकडाची आहे हे फक्त पुसणाऱ्या बाईला ठाऊक असावं. पुढच्या खेपेला भाऊजी गेले तर तीच जमीन मधाच्या रंगाची, फळ्यांमधली रेघ न् रेघ दिसणारी. नवी घातली का, म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, छे हो, जुनीच आहे, वरचा थर घासून काढला आणि पॉलिश केलं, एवढंच. भाऊजी दात विसरले. तो दात आजही तसाच आहे. डोक्यात जमीन शिरली ती मात्र शिरलीच.

"मी हा धंदा करणार," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. "जुन्या लाकडी जमिनी घासून नव्या करायच्या. आपल्याकडे जुनी घरं काय कमी आहेत? शाळा आहेत, नाचाचे क्लास आहेत."

"आधी घरातली फरशी पुसून दाखवा," ताई म्हणाली.

दवाखान्याची जमीन ज्यांनी केली त्या मिस्त्रींना भाऊजींनी शोधून काढलं. किडकिडीत म्हातारा, कानांत कापसाचे बोळे, बोलणं तुसडं. सगळा जन्म जमिनी घासण्यात गेला होता आणि आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. काम सोडायचं होतं, पण मशीन आणि इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं कोणाच्या तरी हाती सोपवून. "माझे गुडघे गेलेत, तुमचे शाबूत दिसतायत," ते भाऊजींना म्हणाले. "तुम्ही वाका, मी सांगतो. शिकलात तर मशीन तुमचं, गिऱ्हाईकही तुमचं. पण शेवटी एक जमीन तुम्ही एकट्याने करायची आणि मी ती चालून बघणार. माझ्या पायांना पटली तर पटली. नाही तर राम राम."

भाऊजींनी मान डोलावली. या खेपेला मात्र कळून डोलावली होती. मशीन आणि गिऱ्हाइकं मिळाली तर माणूस पुन्हा माणसात येणार होता. नाही मिळाली, तर होताच पंखा.

आता या विद्येतलं मला जे कळलंय ते सांगते. त्यात चूक निघाली तर दोष भाऊजींचा, कारण मला त्यांनीच सांगितलं. घासायचं मशीन म्हणजे एक धूड असतं, खाली रूळ आणि रुळावर पॉलिशपेपर गुंडाळलेला. ते सुरू केलं की तुम्ही त्याला चालवत नाही, ते तुम्हाला ओढतं. मुख्य नियम असा की मशीन जमिनीला टेकलेलं असताना थांबायचं नाही. जरा थांबलात की त्या जागी लाकूड खाल्लं गेलंच, तिथे बशीएवढा खळगा. आधी खरखरीत पेपर, मग मध्यम, मग मऊ. मधे फळ्यांच्या फटींत लांबी भरायची, तीही त्याच जमिनीच्या भुशात चिकट काहीतरी कालवून. दुसऱ्या लाकडाचा भुसा घातला तर पॉलिशखाली फट काळी उमटते. मग पॉलिशचा पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात, आणि दोन हातांच्या मधे वाट बघायची. वाट बघणं भाऊजींना छान जमायचं.

बाकीचंही ते चुकतमाकत शिकले. अडचण वेगळी होती. मिस्त्री सरळ काही सांगायचेच नाहीत. सकाळी म्हणायचे, "घाई कशाला? जमीन काय पळून चाललीये?" दुपारी म्हणायचे, "किती लाडात घेताय तिला, उरका." एका घरात फळ्यांच्या दिशेने घासायला लावलं, दुसऱ्या घरात तिरकं. का, म्हणून विचारलं तर, "जमीन बघा ना." भाऊजी जमीन बघायचे. जमीन भाऊजींना बघायची. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या घराखालीच आहे. संध्याकाळी ते डोक्यावर पांढरा भुसा घेऊन दुकानात येऊन बसायचे आणि मला विचारायचे, "मेहुणीबाई, तुम्हाला कापड कळतं म्हणजे नेमकं काय कळतं?"

"भाऊजी, बाही उलटी लागेल, जरा गप्प बसा," मी म्हणायचे. खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं.

आणि मग लाटेचं प्रकरण निघालं.

मिस्त्रींच्या मते प्रत्येक जमिनीत लाटा असतात. डोळ्यांना जमीन सपाट दिसते, पण मशीन कुठे जास्त खातं, कुठे कमी, आणि जमीन हलकेच वर-खाली होते. वरून पॉलिश चढलं की त्या लाटा उजेडात उठून दिसतात आणि गिऱ्हाईक जन्मभर शिव्या देतं. म्हणून शेवटच्या घासाईआधी मिस्त्री पाय धुवायचे, खडखडीत कोरडे पुसायचे, आणि डोळे मिटून जमिनीवर अनवाणी चालायचे. सावकाश. मधेच थबकायचे. "इथे." मग भाऊजींनी तिथे खडूने गोल काढायचा.

"हाताने नाही का कळणार?" भाऊजींनी विचारून बघितलं.

"हाताला खरखर कळते. लाट लांब असते, अंगाचा भार पडल्याशिवाय कळत नाही. पायांना विचारा."

जमिनीशी दिवा आडवा धरला तर सावल्या पडून लाटा दिसणार नाहीत का, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर मिस्त्रींचं म्हणणं, दिव्याला लाटा असल्या तरी दिसतात आणि नसल्या तरी दिसतात. हे मला अजून पटलेलं नाही. पण मिस्त्री ते, मी नाही.

पहिल्यांदा हे घडलं ते एका शाळेच्या वाचनाच्या खोलीत. मिस्त्रींनी स्वतः चालून घेतलं आणि भाऊजींना म्हणाले, "चला, आता तुम्ही." भाऊजींनी पाय धुतले, पुसले, डोळे मिटले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले.

"लागली?"

भाऊजींनी मान डोलावली.

"कुठे?"

भाऊजींनी कपाटाच्या दिशेने हात केला.

"तिथे? तिथे तर जमीन चोख आहे!" मिस्त्रींनी त्यांना दंडाला धरून खिडकीखाली नेलं आणि उभं केलं. "आता?"

"आता... हो. जराशी."

"जराशी?" मिस्त्री म्हणाले. "साहेब, ही लाट नाही, टेकाड आहे!"

त्या संध्याकाळी भाऊजी दुकानात आले ते बसलेच नाहीत. "मला काही म्हणजे काही लागलं नाही," ते म्हणाले. "त्यांना काय लागतं? मी तर त्यांनी उभं केलं तिथेच उभा होतो." मला वाटलं, म्हातारा उगाच भाव खातोय. तसं मी बोललेही. पण भाऊजींना ते पटेना. मिस्त्रींनी खूण केली तिथे घासल्यावर खरोखरच जास्त भुसा निघत होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग घरात प्रयोग सुरू झाले. ताई स्वयंपाक करतेय आणि हे तिच्या मागे डोळे मिटून अनवाणी फेऱ्या घालतायत.

"अहो, आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का हे?"

"तू जरा इथे उभी राहा बरं. काय लागतं तुझ्या पायाला?"

"साखर. सकाळी चहा करताना तुम्हीच सांडलीत."

भाऊजी वाकले. बोटाने टिपून बघितलं तर खरंच साखरेचे दोन-चार दाणे. ते बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला वर बोलावलं. मला कशाचाच पत्ता नव्हता. मी चपला काढून आत आले आणि म्हणाले, "शी, साखर सांडलीये का गं इथे?" भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू आम्ही दोघींनी मिळून त्यांच्याविरुद्ध कट केलाय.

मग त्यांनी ठरवलं की आपण बथ्थड आहोत, आणि बथ्थडपणावर सराव हा एकच उपाय. सतरंजीखाली पेन्सिल ठेवायचे, दोरा ठेवायचे, बटण ठेवायचे (माझ्या दुकानातलं) आणि वरून चालायचे. पेन्सिल कधीमधी ओळखायचे, कारण तिच्यावर पाऊल कलंडायचं. दोरा आणि बटण कधीच नाही. ताई म्हणाली, तुमच्या पायांची कातडी गेंड्याची आहे. आम्ही हसलो. त्याआधीच्या वर्षी ते बाजारातून एकच चप्पल घालून घरी आले होते. दुसरी वाटेत कधी निसटली ते त्यांच्या गावीही नव्हतं. तेव्हाही आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता कोणी म्हणेल, इतकं होऊनही तुमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. माणसाला जन्मभरासाठी पायांची एकच जोडी मिळते. ती दुसऱ्याच्या जोडीशी ताडून कोण बघतं?

पुढचं जे झालं ते मी स्वतः पाहिलं. नाचाच्या एका क्लासचा हॉल करायचं काम मिस्त्रींकडे आलं होतं, आणि तिथल्या खिडक्यांचे पडदे शिवायचं काम भाऊजींनी मला मिळवून दिलं होतं. मी मापं घ्यायला गेले तेव्हा जमीन दोनदा घासून झाली होती आणि लाकूड कोरं, पांढुरकं दिसत होतं. मिस्त्री दारापाशी पाय पसरून बसले होते. भाऊजी अनवाणी लाट शोधत फिरत होते, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, कपाळाला आठ्या घालून. मी खिडकीला टेप लावत होते.

"हे कसले डाग?" मिस्त्री एकदम ओरडले.

लाल ठिपके. दारापासून खिडकीपर्यंत, तिथून वळून आरशांच्या भिंतीपर्यंत. कोरं लाकूड टिपकागदासारखं पितं, त्यामुळे ठिपके बघता बघता पसरत होते.

"अरे बापरे, कोणाला लागलं?" भाऊजी धावत माझ्याकडे आले. "तुमच्या हाताला कात्री लागली का?" मी दोन्ही हात दाखवले. ते मिस्त्रींकडे धावले. "मिस्त्री, तुमचे पाय बघा, पाय!" मिस्त्रींनी दोन्ही तळवे वर करून दाखवले. मग भाऊजी हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि छताकडे बघायला लागले. खोटं नाही सांगत, छताकडे बघितलं त्यांनी. आणि ते जिथे जिथे धावले होते तिथे तिथे नवे ठिपके पडले होते.

मला ते आधी दिसलं की मिस्त्रींना, आता आठवत नाही. मिस्त्री उठले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हलू नका. डावा पाय वर करा."

हॉलमध्ये पूर्वी ठोकलेल्या गालिच्याचा कुठेतरी राहिलेला एक बारीक खिळा त्यांच्या तळव्यात पार डोक्यापर्यंत रुतला होता. मिस्त्रींनी तो पकडीने ओढून काढला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भाऊजी स्वतःच्या पायाकडे असे बघत होते, जणू तो कोणीतरी त्यांच्याकडे सांभाळायला ठेवलाय.

"फार दुखलं का हो?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली नाही. "नाही," ते म्हणाले. "का नाही दुखलं?"

डॉक्टरांकडे ताई आणि मी दोघी बरोबर गेलो. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं, हातात एक बारीक तार घेतली आणि विचारलं, "लागतंय?" भाऊजींनी मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "मी अजून हात लावलेला नाही." मला हसू फुटलं, पण ताई हसली नाही.

रक्तात साखर होती. किती वर्षांपासून, कोणाला ठाऊक. तिने हळूहळू, गाजावाजा न करता, तळव्यांची जाणीव खाऊन टाकली होती. गेलेली बहुधा परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. औषध घ्या, पथ्य पाळा, उरलेलं जपा. रोज संध्याकाळी तळवे तपासा. आणि अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा.

मला वाटलं, भाऊजी खचणार. तर हे उलट खूश! "म्हणजे मी बथ्थड नाही!" येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. ताईने कपाळावर हात मारून घेतला. ती खुशी दोन दिवस टिकली. मग त्यांच्या लक्षात आलं की बथ्थड माणूस निदान शिकू तरी शकतो.

मिस्त्री घरी भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले. "साहेब, रागावू नका," ते म्हणाले. "तुमचा हात चांगला आहे. मशीन तुमचं ऐकतं. पण जमीन झाली की नाही हे ज्याला कळत नाही, त्याने ती करायची कशी? मी मशीन देईन, आणि लोक माझ्या नावाने खडे फोडतील."

मिस्त्रींचं म्हणणं भाऊजींनाही पटत होतं, तीच तर पंचाईत होती.

ताई इतका वेळ ओट्याशी पाठ करून उभी होती. या धंद्याला तिचा पहिल्यापासून विरोध. भुसा, खोकला, पाठदुखी, सगळ्याबद्दल तिची बडबड रोजची. ती वळली आणि म्हणाली, "मिस्त्री, एक सांगा. यांचेच पाय लागतात, की नुसते पाय लागतात?"

"म्हणजे?"

"मी चालते. हे घासतील."

"बाई, हे काय भाजी निवडणं आहे का?"

"भाजी निवडायला डोळे लागतात. तुम्ही पायांचं बोलताय."

मिस्त्रींनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी माझ्याकडे. मला काय कळणार, मी ताईकडे बघितलं. ताईचा चेहरा असा होता की कोणी वाद घालायच्या फंदात पडू नये.

दुसऱ्या दिवशी त्या अर्धवट राहिलेल्या नाचाच्या हॉलमध्ये ती चालली. मिस्त्री मागोमाग. "इथे," ताई म्हणाली. "आणि इथे. आणि इथेही काहीतरी आहे, पण ते चांगलं की वाईट हे मला माहीत नाही." मिस्त्री तिन्ही जागी थांबले, पाय चोळून बघितले आणि म्हणाले, "हं." मिस्त्रींच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. जाता जाता ते भाऊजींना म्हणाले, "ठीक आहे. एक जमीन करा दोघं. पण चालून मी बघणार, ते कायम."

ती जमीन होती एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या बैठकीच्या खोलीची. दुसरा मजला, दोन खिडक्या, आणि फळ्यांवर खुर्च्या ओढल्याच्या चाळीस वर्षांच्या खुणा. बाई बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. भुसा गोळा करायला म्हणून मला नेलं होतं. दुकान बंद ठेवून मी गेले, कारण घरी बसून माझा जीव थाऱ्यावर राहिला नसता. भाऊजींच्या पायांत जाड बूट, गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या. मशीन मधल्या भागात फिरतं, पण भिंतीकडेच्या फळ्या गुडघ्यांवर बसून हाताने घासाव्या लागतात. त्यातच माणसाचा जीव अर्धा होतो.

दुसऱ्या घासाईनंतर ताई चालली. "इथे." भाऊजींनी गोल काढला, घासलं. "आता?" "इथे अजून आहे." पुन्हा घासलं. "आता?" "इकडे, खिडकीपाशी." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटच्या वेळी भाऊजी उठायला गेले आणि पाठ धरली. भिंतीला हात टेकून ते अर्धवट वाकलेलेच उभे राहिले, चेहरा भुशाने पांढरा, ओठ कोरडे. "आता?" त्यांनी विचारलं.

ताई चालली. खिडकीपाशी तिची चाल जरा मंदावली. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. ती दाराशी आली आणि म्हणाली, "झालं. सपाट आहे."

भाऊजींचा चेहरा उजळला. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके खूश दिसत नाहीत.

दुपारी मिस्त्री आले. पाय धुतले, पुसले, डोळे मिटले. दारापासून मधोमध, तिथून कपाटाच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून खिडकीकडे. तिथे थबकले. "इथे राहिलंय."

भाऊजींनी आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग ताईकडे. "नवीन आहे ती," ते घाईघाईने म्हणाले. "तिला लागलं नसेल. शिकेल." मिस्त्री बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

"लागलं होतं," ताई म्हणाली.

"काय?"

"मला लागलं होतं. तुमची पाठ बघवत नव्हती. केवढीशी ती लाट. वरून पॉलिश आल्यावर कोण बघायला येणार होतं?"

इतक्या वर्षांत मी भाऊजींना आवाज चढवताना ऐकलेलं नाही. त्या दिवशी ऐकलं. "अगं, मला कळत नाही!" ते ओरडले. "काही कळत नाही मला! तू सांगतेस तेवढंच कळतं. तू झालं म्हणालीस, मी मानलं. आता याआधी जिथे जिथे झालं म्हणालीस, त्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं? ते मी कोणाला विचारू?" त्यांचा आवाज फाटला. "माझी कीव करायची तर घरी कर. इथे नको."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. ती चूक होती का? पाठ मोडलेल्या माणसाला "झालं" म्हणणं यात चूक काय? आणि ते तरी कुठे चुकत होते? मला काही सुधरेना. मी केरसुणी घेऊन झाडलेलाच भुसा पुन्हा झाडत बसले.

भाऊजींनी मशीन सुरू केलं. खिडकीपासून नाही, दारापासून. सबंध खोली. आता त्यांचा एकाही फळीवर भरवसा राहिला नव्हता. मशीन त्यांना ओढत होतं, ते त्याच्या मागे जात होते, भिंतीशी आले की उचलायचे, वळायचे, पुन्हा टेकवायचे. मधे एकदाही थांबले नाहीत. ताईने तोंड फिरवलेलं तसंच ठेवलं होतं. जिन्यात मिस्त्री बसून होते.

मशीन बंद झालं तेव्हा खिडकीतला उजेड उतरायला लागला होता. कान बधिर झाले होते. भुसा हळूहळू खाली बसत होता. ताईने कोणी न सांगता पाय धुतले, बोटांच्या बेचक्या पुसल्या आणि चालायला लागली. या वेळी फार सावकाश. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. भाऊजींनी दोन्ही हातांनी मशीनचा दांडा धरला होता, आणि त्यांनी "आता?" असं विचारलं नाही. ते दुसरीकडेच बघत होते.

खिडकीपाशी ताई थांबली. तिने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ. मी मनात म्हणत होते, म्हण ना गं, झालं म्हण, एकदाचं संपू दे.

"नाही," ताई म्हणाली. "कमी झालीये. पण आहे."

भाऊजींनी दांडा सोडला. मला वाटलं, आता खाली बसतात की काय. पण त्यांनी नुसता मोठा श्वास घेतला. सकाळपासून पहिल्यांदाच नीट घेतला असावा. "कुठे?" ते म्हणाले.

मिस्त्रींनी पायरीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली.

"अहो, तुम्ही चालून नाही बघणार?" मी विचारलं.

"कशाला?" मिस्त्री म्हणाले. "आता बाई झालं म्हणतील तेव्हा झालेलं असेल. मशीन उद्या परत न्यायचं म्हणत होतो. राहू दे." आणि कठड्याला धरून, एकेक गुडघा सांभाळत ते जिना उतरायला लागले.

मला रडू आलं. नेमकं कशाचं, ते विचारू नका.

ताई त्या जागेवरून हलली नव्हती, जागा हरवू नये म्हणून. भाऊजी बूट वाजवत तिच्यापाशी गेले, भिंतीला धरून कसेबसे गुडघ्यांवर बसले आणि खिशात खडू चाचपू लागले.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"हलत नाहीये. पण लवकर करा, जमीन गार आहे."

"गार आहे का?" भाऊजी म्हणाले. आणि त्यांनी तिच्या एका पावलाभोवती खडूची रेघ काढली, मग दुसऱ्या.